आमचा रविवारचा शेतकरी बाजार: पिशवी न्या, यादी घरी ठेवा

कोल्हापुरात रविवारी सकाळी सात वाजता जो माणूस पिशवी घेऊन घाईनं चाललाय तो मटणालाच चाललाय असं धरून चालायचं असतं, त्यामुळं मी सव्वासहाला गाडी काढून भाजी आणायला जातो हे आमच्या मंडळातल्या पोरांना दोन वर्षं झाली तरी पचलेलं नाही. "काय भावा, डॉक्टरनं सांगितलंय काय?" हे दर रविवारी ठरलेलं. डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही. आमच्या उपनगरातल्या एका मोकळ्या ग्राउंडवर रविवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो, चाळीसेक लोक गावाकडनं माल घेऊन येतात आणि मला त्याची सवय लागलीय एवढंच. आता बऱ्याच जणांनी विचारलं की कसा आहे, महाग असतो का, खरंच शेतकरी असतात का नुसता बोर्ड लावलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे यादी घेऊन जाऊ नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोनं यादी दिली होती, फ्लॉवर, गाजर, मटार, सिमला मिरची, टोमॅटो, आणि तारीख होती जुलैची. सगळं ग्राउंड दोनदा फिरलो, टोमॅटो सोडून काही नाही. शेवटी एका मावशींना विचारलं, मटार आहे का कुठं? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मे महिन्यात स्वेटर मागितलाय. "आत्ता कुठला वो मटार पावसात? थंडी पडू दे की." मी वैतागून एक पोकळ्याची पेंडी आणि अर्धा किलो दोडकी घेऊन घरी आलो, बायको म्हणाली बाजार भरलाच नव्हता काय.

त्या दिवशी चिडलो होतो खरा, पण नंतर विचार केला तर भाजीवाल्याच्या तोंडून "आत्ता नाही" हे मी कित्येक वर्षांत ऐकलंच नव्हतं. गल्लीतल्या गाडीवर बारा महिने फ्लॉवर, बारा महिने गाजर, कुठनं येतं कोण विचारत नाही, आपण रेट विचारतो आणि घेतो. इथं निम्म्या प्रश्नांना उत्तर न्हाई असंच येतं, आणि त्याच्या पुढं कधी येणार तेही येतं. "वरणा पौषात", "काजूगर शिमग्यानंतर", "नवा तांदूळ दिवाळी होऊन जाऊ दे". मला या बाजारातलं हेच सगळ्यात आवडतं. ज्याला आठवड्याचा मेनू सोमवारीच ठरवून फ्रिजवर चिकटवायचा असतो त्यानं खरंच येऊ नये, डोकं फिरेल.

सध्या जुलै म्हणजे पत्र्याच्या शेडकडचा कोपरा बघण्यासारखा असतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड अशा डोंगराकडच्या गावातनं येणाऱ्या बायका तिथं बसतात. टेबल नाही, बोर्ड नाही, खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाटे लावलेले. कुर्डू, टाकळा, भारंगी, पाथरी, घोळ, अळू. यातलं बरचसं कुणी लावलेलं नसतं, पाऊस पडला की बांधावर, माळावर, जंगलाच्या कडेला येतं आणि पंधरा-वीस दिवसांत निबर होऊन जातं. जूनच्या शेवटाला टाकळा जो कोवळा मिळतो तो जुलै संपताना मिळत नाही, तेव्हा बघितला आणि पुढच्या आठवड्यात घेऊ म्हटलं की गेला.

तिथल्या एका मावशींकडं मी ठरवून जातो. साठीच्या असतील, डोक्यावर पदर, पावसात पोत्याची खोळ, आणि बोटांची नखं भाजी खुडून खुडून कायमची हिरवट-काळी झालेली. जुड्या रबरानं नाही, केळीच्या सोपटानं बांधलेल्या. रबर का लावत नाही विचारलं तर म्हणाल्या, "रबराला पैसं पडत्यात, सोपट परसात हाय." भारंगी कशी करायची तेही त्यांनीच सांगितलं, तेही प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यापासनं, न कंटाळता. "कवळी पानं हाईत. उकडायची, पाणी वतून द्यायचं, घट्ट पिळायची, मग लसूण जास्त आणि भिजवल्याली हरभऱ्याची डाळ. पाणी वतलं न्हाईसा तर कडू झाली म्हणून मलाच शिव्या देशीला."

मी पहिल्या वेळी हुशारी केली. पाण्यातनं सगळी जीवनसत्त्वं जातात असं कुठंतरी वाचलेलं डोक्यात होतं, पाणी ओतलं नाही. जी भाजी झाली ती आमच्या घरात कुणी खाल्ली नाही, मी दोन घास खाल्ले ते पण इज्जतीखातर. पुढच्या रविवारी मावशींनी तोंड बघूनच ओळखलं, "वतलं न्हाईसा न्हवं?" आता गुमान ओततो, आणि खरं सांगतो, नीट केलेली भारंगी आणि नाचण्याची भाकरी यापुढं हॉटेलचं पनीर म्हणजे काहीच नाही.

आळंबी मिळाली तर नशीब समजा. दोन वर्षांत मला तीनदा मिळालीत. वारुळावर उगवणारी ही आळंबी शेडमध्ये बटण मशरूमसारखी लावून येत नाही, कारण ती बुरशी वाळवीच आपल्या वारुळात सांभाळते, वाळवी नाही तर आळंबी नाही. त्यामुळं कुणाला सकाळी सापडली तरच ती बाजारात येते, केळीच्या पानात गुंडाळून, आणि सातच्या आत संपते. रेट ऐकून मटण परवडलं वाटेल. आणि एक, स्वतः डोंगरात जाऊन वेचायच्या भानगडीत पडू नका, सारखी दिसणारी विषारी पण असतात, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे त्यांच्याकडनंच घ्या.

आता तो मेन प्रश्न, सगळे खरे शेतकरी आहेत का. नाहीत. स्पष्ट सांगतो. गेटजवळच्या चार-पाच टेबलांपैकी निदान दोन तरी व्यापारी आहेत असं माझं मत आहे. मला हे कळायला सहा महिने लागले, आमच्या आईला सहा मिनिटं लागली.

आईला पहिल्यांदा घेऊन गेलो ती गेल्या वर्षीची गोष्ट, पावसाळाच होता. एका टेबलावर गाजरं, एकसारखी, धुतलेली, एका मापाची, वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं "आमच्या शेतातील सेंद्रिय गाजर". मी खूश, म्हटलं चला बायकोच्या यादीतलं गाजर आज पण मिळालं. आई म्हणाली, "तू गप हुबा ऱ्हा, मी बघतो." (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं बायका पण बघतो-जातोच म्हणतात, टायपिंग मिस्टेक नाही.) तिनं त्या पोराला विचारलं, रान कुठं आहे? त्यानं गावाचं नाव सांगितलं. पाणी कशाचं? बोअरचं. पेरणी कधी केलीस? इथं पोरगं थांबलं. मग म्हणालं दोन महिने झाले असतील. आई म्हणाली, "वैशाखाच्या उन्हात गाजर पेरलास? मग तुझा सत्कारच केला पाहिजे." शेजारचा शेतकरी हसायला लागला. टेबलाखाली पोती होती, छापील, लांबच्या कुठल्यातरी व्यापारी पेढीच्या नावाची. मी तरी आदल्या दोन रविवारी तिथनंच घेऊन गेलो होतो, दीडपट पैसे देऊन, आणि घरी चव वेगळी लागते की नाही बघा म्हणून सगळ्यांना खायला लावली होती.

तर आईचे तीन प्रश्न पाठ करून ठेवा, रान कुठंय, पाणी कशाचं, लागण कधीची. ज्यानं खरंच पिकवलंय तो थांबत नाही, उलट त्याला बोलू नका म्हणायची वेळ येते, खत काय घातलं, करपा कसा आला, मोटर कशी जळाली, लाईट रात्री कशी येते इथपर्यंत सांगतो. दुसरी खूण म्हणजे खऱ्या माणसाकडं चार-पाचच जिनसा असतात आणि त्या पण थोड्या, एकाच टेबलावर पंधरा प्रकारचं माळवं दिसलं की समजायचं. आणि सेंद्रिय हा शब्द मी आता ऐकून सोडून देतो. सर्टिफिकेट दाखवणारे एक-दोन आहेत, बाकी तोंडीच. डोंगराकडच्या मावशी तो शब्द वापरतच नाहीत, त्यांच्याकडं औषध मारायला काही लावलेलंच नसतं. संयोजकांनी प्रत्येकाचं नाव-गाव लिहिलेला बोर्ड कंपल्सरी करावा आणि गेटजवळची टेबलं एकदा तपासावीत असं मला वाटतं, नाहीतर त्या दोघांमुळं बाकीच्या अडतीस जणांचं नाव जाईल.

रेटचं म्हणाल तर मिक्स आहे. साधी पालेभाजी गल्लीतल्या गाडीपेक्षा स्वस्त, रानभाजी, गावठी अंडी आणि तूप महाग. स्वस्त का पडते ते शिरोळकडच्या एका दादांनी एकदा सांगितलं. त्यांची कोथिंबीर होती, बुधवारी मार्केट यार्डात सौद्यात पेंडीला ३ रुपये लागले, त्यातनं गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन जी पट्टी (हिशोबाची चिठ्ठी) हातात आली ती बघून घरी गेले आणि रानात राहिलेल्या निम्म्या कोथिंबिरीवर रोटर फिरवला. हे ते हसत सांगत होते, सुट्टे मोजत मोजत. उरलेल्यातली शंभर पेंडी रविवारी इथं आणली, १० ला एक. त्याच दिवशी आमच्या दारात गाडीवर तसली पेंडी २० ला होती. म्हणजे मला निम्म्यात आणि त्यांना तिपटीनं, मधे कुणी नाही म्हणून. अर्थात इथं आणायला पण त्यांना टेम्पोचं भाडं आहेच आणि शंभर पेंड्या खपतील याची गॅरंटी नाही, पाऊस लागला की निम्म्या परत जातात, हे पण त्यांनीच सांगितलं.

हे असले बाजार वाढले ते २०१६ पासनं. त्या वर्षी राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा झाला आणि संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान पण सुरू झालं. तशी कोल्हापूरला थेट माल घ्यायची सवय जुनीच आहे म्हणा, लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार आहे, कपिलतीर्थला बुट्टी घेऊन बसणाऱ्या बायका आहेत, आणि गंगावेशीत तर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, यापेक्षा डायरेक्ट अजून काय पाहिजे. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं जेवढं अप्रूप वाटतं तेवढं आपल्याला वाटत नाही. फरक इतकाच की इथं एका जागेला चंदगडपासनं शिरोळपर्यंतचा माल बघायला मिळतो, आणि आपल्या जिल्ह्यात किती प्रकारची रानं आहेत हे तिथं उभं राहिल्यावर कळतं, एका टोकाला गगनबावड्याचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला शिरोळची काळी जमीन.

घासाघीस चालते का? चालते पण मी करत नाही. आई करते, पैशात नाही, वर काय देणार यावर. चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, ते घेतल्याशिवाय ती पिशवीचं तोंड बंद करत नाही.

गुळाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथं मी पैसे घालवून शिकलोय. दिवाळीनंतर करवीर आणि पन्हाळ्याकडची गुऱ्हाळवाली मंडळी दोन-तीन टेबलं लावतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मधे जीआय (त्या भागाच्या नावाचं मानांकन) मिळालं, शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठीच, एवढा इतिहास पाठीशी असून आपणच दुकानात पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) बघून भुलतो. तो पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरचा (रंग उजळवायचं केमिकल) असतो, आणि असला गूळ घरात चार महिने ठेवला की काळपट पडायला लागतो. इथं ज्यांच्याकडनं मी घेतो त्यांचा गूळ पहिल्यापासनंच तांबूस-चॉकलेटी असतो, दिसायला काही खास नाही, पहिल्यांदा तर मला तो करपलेलाच वाटला होता. रस उकळताना मळी वर यायला ते रानभेंडीचा चीक वापरतात. दहा किलो ऊस घातला तर जेमतेम किलोभर गूळ निघतो, त्यात जळण, गुळव्याची मजुरी, काईल (रस उकळायची मोठी कढई), सगळं धरून बघा आणि मग रेटवर बोला. चव बघायला देतात. जिभेवर ठेवल्यावर खारट लागला तर घेऊ नका, हे पण तेच सांगतात, स्वतःच्या टेबलावर उभं राहून.

काकवीची मात्र कहाणी झाली. गूळ व्हायच्या आधी काईलीतनं जी घट्ट पाकासारखी काढतात ती काकवी, चपातीबरोबर, भाकरीबरोबर, नुसती सुद्धा, पोरं बाटली संपवतात. मी एका दुसऱ्याच टेबलावरनं घेतली, जरा पातळ होती पण ५० रुपये कमी म्हणून. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत भरलेली, झाकण घट्ट. ती डिकीत राहिली, दोन दिवस गाडी उन्हात. मंगळवारी आठवण झाली, बाटली फुगून टणक झालेली, मला वाटलं भरताना जास्त भरली असेल. किचनमधे झाकण फिरवलं आणि फट्ट करून काकवी वरच्या पंख्यापर्यंत. भिंतीवर, कॅलेंडरवर, बायकोच्या ऑफिसच्या ड्रेसवर. पातळ राहिलेली काकवी आंबते आणि गॅस धरते, हे नंतर कळलं. पंख्याची पाती अजून चिकट आहेत, मुंग्यांनी तिथं कायमचा रस्ता पाडलाय. घट्ट, काचेच्या बाटलीतली घ्या आणि घरी आणल्या आणल्या फ्रिजमधे टाका. ५० रुपये वाचवायला मी नंतर १,२०० चं पेंटिंग केलं.

तांदूळ घेणाऱ्यांनी जानेवारीत जावं. आजऱ्याचा घनसाळ येतो, त्यालाही २०१६ मधे जीआय मिळालंय, बारीक आखूड दाणा आणि शिजताना वास शेजारच्या घरी जातो ही अतिशयोक्ती नाही, आमच्या शेजारच्या काकी खरंच विचारायला आल्या होत्या काय केलंय म्हणून. उतारा कमी पडतो म्हणून लावणारे पण कमी, त्यामुळं दुसराच कुठला तरी वासाचा तांदूळ घनसाळ म्हणून खपवणारे भरपूर. ज्यांच्याकडनं आम्ही घेतो ते आजोबा कच्चे दाणे तळहातावर घेऊन चोळून वास घ्यायला लावतात. काळा जिरगा पण असतो त्यांच्याकडं, थोडा, ओळखीच्यांनाच. आई जानेवारीत घेतलेला तांदूळ कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवते आणि पावसाळ्यात काढते, नवा लगेच लावला तर भात गिच्च होतो म्हणून. एवढा धीर माझ्यात नाही, मी दोन किलो वेगळा घेऊन लगेच खातो, गिच्च तर गिच्च, तुपाबरोबर चालतंय.

मध पाटगावचा मिळतो कधी कधी, भुदरगडातलं ते मधाचं गाव. थंडीत बाटलीत साखरेसारखा थिजला म्हणून भांडायला जाऊ नका, मी गेलो होतो. खरा मध पण थिजतो, कोमट पाण्यात बाटली ठेवली की परत पातळ होतो.

खरी गर्दी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. वरण्याच्या शेंगा, पावटा, ओला हरभरा, चाकवत, हरभऱ्याची खुडलेली भाजी, डहाळ्यांच्या पेंड्या, आणि त्या आठवड्यात गाजर पण, खरंखुरं, वेडंवाकडं, मातीसकट. भोगीच्या भाजीचं सगळं एका फेरीत मिळतं. वरणा-वांग्याची रस्सा भाजी ज्यानं खाल्ली नाही त्याला कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढराच वाटत राहणार, त्याला इलाज नाही. कृष्णाकाठची वांगी पण त्याच दिवसांत चांगली, देठाला काटे असलेली बघून घ्या. उन्हाळ्यात बाजार जरा पडतो, आजरा-चंदगडकडचे ओले काजूगर (सोललेले घ्या, सालाचा चीक हाताला लागला तर कातडं सोलतंय), गडहिंग्लजकडची संकेश्वरी मिरची, मग करवंदं, जांभळं, रायवळ आंबे. मिरची आमच्याकडं आई आणि काकी मिळून घेतात आणि डंकावर चटणी करून आणतात, त्या दोन दिवसांत घरात शिंकण्याशिवाय काही चालत नाही, तो वेगळा विषय.

तक्रारी. पार्किंग नाही, रस्त्यावर गाड्या लावतात, आठनंतर गेलात तर भांडण बघायला मिळेल. पाऊस असला की ग्राउंडचा चिखल होतो, चप्पल नेऊ नका, कोल्हापुरी तर अजिबात नको. क्यूआर कोड सगळ्यांकडं आहे पण नेटवर्क येत नाही, सुट्टे न्या. प्लास्टिक पिशव्या बंद म्हणून बोर्ड आहे आणि त्याच बोर्डाखाली देतात.

पण हे सगळं चालवून घेतो आपण. जे चालवून घेता येत नाही ते म्हणजे तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. डोंगराकडच्या बायका पहाटे साडेतीन-चारला घर सोडतात, पाच-सहा जणींच्यात मिळून एक टेम्पो, अकरा वाजेपर्यंत बसतात, परत घरी जाईपर्यंत एक-दोन. मला हे सुचलं पण नव्हतं. एकदा आईनं मावशींना पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी नको म्हणून मान हलवली. आई म्हणाली, घ्या की, उकडालंय किती. तर म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी मी पाणीच पीत न्हाई बाई, घरला जाऊन पितो." आई तिथंच खाली टेकली त्यांच्या शेजारी, बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून त्यांच्याकडचा कुर्डूचा सगळा ढीगच घेतला, जो आम्ही तीन दिवस खाल्ला. मी संयोजकांना दोनदा बोललो, बघू म्हणाले. एका रविवारी सेल्फी पॉइंट बसवला, फुलांचा, त्याला मात्र पैसे होते. आता आई आमच्या ओळखीच्या एका घरी, ग्राउंडच्या पलीकडच्या गल्लीत, बोलून आलीय, त्या घरातल्या वहिनी दार उघडं ठेवतात, चार-पाच मावशी जाऊन येतात. ही व्यवस्था नाही, हा जुगाड आहे, आणि तो गिऱ्हाइकानं करायची वेळ आली. माझे पाचपैकी साडेतीन स्टार, एक पूर्ण स्टार याच्यासाठी कापलाय आणि अर्धा त्या गाजरासाठी.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी अजून एक. बाजारात काय येणार हे बघायला मी ग्रुपवरचा मेसेज बघत नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. तशी ती सगळं कोल्हापूरच बघतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, २०१९ आणि २०२१ नंतर तर जास्तच. पण ३९ च्या बरंच आधी गावाकडचे छोटे बंधारे पाण्याखाली जातात, वाट बंद होते, आणि डोंगराकडच्या बायकांचा शेडकडचा कोपरा मोकळा पडतो. गेल्या वर्षी एक रविवार असा गेला की त्या कोपऱ्यात फक्त ओला प्लास्टिकचा कागद होता, कुणीतरी आदल्या आठवड्यात विसरलेला. गेटजवळची टेबलं मात्र भरलेली, पंधरा प्रकारचं माळवं, पुराचा त्यांच्या शेताला काही फरक पडला नव्हता.

परवाच्या रविवारी मी मावशींना करटुली विचारली. आमच्या घरात नुसत्या तव्यावर परतलेल्या करटुलीसाठी भांडणं होतात. "आत्ता न्हाई," त्या म्हणाल्या, "येल आत्ता फुलावर हाय. पुढल्या ऐतवारी आणतो, तुमच्या आईला सांगा. पाणी आलं न्हाई तर."

आज गुरुवार आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३१ फूट आहे आणि सकाळपासनं पाऊस हटलेला नाही.